रिठीतल्या भुतांची हरकत

“रिठीत कोण रायते साहेब? भूत! मंग हरकत कोणं घ्यावी? भुतानं? अन् भूत लेखी हरकत घेते काय? तुमच्या खिडकीवर येऊन, रांगेत उभं राहून, शिक्का मारून घेते काय? सांगा मले!”

हा आवाज आमच्या मालकांचा. साहेबांच्या केबिनमध्ये त्या वेळी पंखा गरगर फिरत होता आणि बाहेरचा शिपाई शपथेवर सांगत होता की लाईन सकाळपासून गेलेली आहे. पंखा कशाने फिरत होता ते तुम्हीच ठरवा.

साहेब नवे होते, पुण्याकडचे, लोण्यासारखं बोलणारे. त्यांच्यासमोर आमच्या साप्ताहिकाचा अंक पसरलेला होता आणि आतल्या पानावरच्या सरकारी नोटिशीभोवती लाल पेनाने गोल काढलेला होता.

“ओरडू नका,” साहेब म्हणाले. “चौकटीच्या बाहेर काय वाटेल ते छापा. माझ्यावर अग्रलेख लिहा. पण चौकट आमची आहे. आम्ही पाठवलेल्या मजकुरात एक शब्दसुद्धा वाढवता येत नाही. तुम्ही अख्खी ओळ वाढवलीत.”

“वाढवली नाही. दुरुस्त केली.”

“सरकारी नोटीस दुरुस्त करणारे तुम्ही कोण?”

“छापणारा.”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. त्या एका ओळीपायी आमच्या पेपराचं नाव सरकारी जाहिरातींच्या यादीतून कटायच्या बेतात होतं. ज्यांना ही यादी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तालुक्याच्या गावातला साप्ताहिक पेपर वाचकांच्या वर्गणीवर चालतो, असं ज्याला वाटतं तो हत्ती लाडूवर जगतो असंही मानत असेल. लहान पेपर जगतो तो नोटिशींवर. तलावाच्या मासेमारीचा ठेका, रेशन दुकानाचा परवाना, वारसांची नोंद, रस्त्याचं टेंडर, हे सरकारला कुठंतरी छापावंच लागतं, आणि ते यादीवरच्या पेपरातच छापतात. यादीतून नाव गेलं की मार्चनंतरच्या शेतातल्या बोडीतल्या, म्हणजे तळ्यातल्या, झिंग्यासारखी गत. पाणी हळूहळू कमी होतं आणि झिंगा शेवटपर्यंत मिशा हलवत असतो.

मालक म्हणजे संपादक, प्रकाशक, मुद्रक, वार्ताहर आणि अंकांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधणारे. उरलेलं सगळं मी. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर अर्धा भंडारा जिल्हा म्हणेल ते आमचे सोयरे होते, आणि अर्धा म्हणेल त्यांनी आमच्या विरोधात छापलं होतं, आणि दोन्ही अर्धे खरं बोलत असतील. आम्ही त्यांना मालक म्हणायचो, पण मालकी म्हणावी असं त्यांच्याकडे काय होतं? एक लुना, जी उतारावर उत्तम चालत असे. एक संगणक, जो उन्हाळ्यात ओला दुपट्टा पांघरल्याशिवाय सुरूच होत नसे. आणि एक खुर्ची, तीही खालच्या कासाराची.

आमचं कार्यालय त्या कासाराच्या माडीवर होतं. खाली दिवसभर पितळेच्या गुंडांवर, म्हणजे घागरींवर, ठोके पडत. त्या ठणठणाटावर बोलायचं म्हणून तरुणपणी मालकांनी आवाज चढवला, तो पुढे उतरलाच नाही. घरी त्यांनी मीठ मागितलं तर शेजारीण डबा घेऊन यायची. देवळात हात जोडून मनातल्या मनात काही मागितलं तर पुजारी गाभाऱ्यातून “बरं बरं” म्हणायचा. मोबाईल त्यांना कधी लागलाच नाही असं मी म्हणत नाही, होता, पण तुमसरला फोन लावला की ते खिडकीत जाऊन बोलत, आणि मला नेहमी शंका यायची की तिकडचा माणूस खिडकीतूनच ऐकतो आहे.

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमाने घर धुऊन नेलं होतं. “नोटीस घेईन. थोबाड घेणार नाही.”

थोबाड म्हणजे फोटो. दिवाळी आली, नेत्याचा वाढदिवस आला, एखाद्या योजनेला वर्ष झालं की पानभर फोटोची जाहिरात निघते, वर हात जोडलेले, खाली शुभेच्छा. लहान पेपराचं खरं पोट या फोटोंवर भरतं. मालक ती जाहिरात परत पाठवत.

“काहून जी?” मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नवा होतो आणि मला अजून वेळेवर जेवायची सवय होती.

“नोटिशीत सरकार लोकाईले काही सांगते. चुकीचं सांगन, उशिरा सांगन, पण सांगते. फोटोत सरकार आरशात पायते. आरसे इकाचा धंदा कासाराचा, आपला नोहे.”

काकू, म्हणजे मालकांच्या पत्नी, त्या वेळी डबा घेऊन माडीवर आल्या होत्या. त्यांनी डबा टेबलावर आपटला. “दुसऱ्या संपादकाईच्या बायका दिवाळीले सोनं घेतात,” त्या मला म्हणाल्या. “आमच्या घरी तत्त्व येते. थेही मागच्या वर्षीचं.”

मालक हसले. ते हसले की खाली कासार ठोके थांबवून वर बघायचा.

एकदा पानभर फोटोची जाहिरात आली तेव्हा मालकांनी “जागा नाही” असं लिहून ती परत पाठवली. आणि त्याच आठवड्यात आमच्या पेपराचं पहिलं पान जवळजवळ कोरं निघालं. मधोमध एवढंच होतं: “या आठवड्यात जिल्ह्यात सांगण्यासारखे काही घडले नाही. घडले असल्यास आम्हाला कळले नाही. दोन्हींबद्दल दिलगीर आहोत.” तो अंक जितका गाजला तितका दुसरा कुठलाच गाजला नाही. शाळेतल्या पोरांनी कोऱ्या जागेत गणितं सोडवली, एका वकिलाने त्यावर पक्षकाराचं म्हणणं उतरून घेतलं, आणि पवनीकडच्या एका लग्नात म्हणे त्याच पानावर देण्याघेण्याची बोलणी लिहिली गेली. कचेरीतून मात्र विचारणा आली, जागा नव्हती तर एवढी जागा कुठून आली? मालकांनी उत्तर धाडलं, “ती जागा बातमीची होती.”

खपाचंही तसंच. यादीवर राहायचं तर दरवर्षी खप सांगावा लागतो. आमच्या शेजारी आणखी एक साप्ताहिक निघायचं, त्याच्या संपादकाला आम्ही खाजगीत शुभेच्छासम्राट म्हणायचो, कारण त्यांच्या पेपरात शुभेच्छांच्या फटीत कधीकधी बातमी सापडायची. सम्राटांनी आणि त्यांच्यासारख्यांनी कागदावर दाखवलेला खप एकत्र मांडला तर जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला अंक मिळून म्हशींनाही एकेक उरला असता, आणि रेडकांना पुरवणी. मालकांसमोर तोच रकाना आला की ते अडून बसायचे.

“आमच्या बोलीत खपला म्हणजे मेला,” ते पडताळणीला आलेल्या बाबूला म्हणाले. “खपला म्हणजे राबराब राबला, हेही होते. माहा बाप या पेपरात खपला, दोन्ही अर्थानं. थो खप लिहू काय?”

बाबू घाबरून चहा न घेता गेला. मालकांनी छापत होते तेवढाच आकडा लिहिला, आणि तो इतका खरा होता की वर कोणाचा विश्वास बसेना.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस सरकारच्या मदतीच्या विरोधात होता. मुळीच नाही. उलट सम्राटांशी त्यांचं जे भांडण झालं ते मी बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर स्वतः ऐकलं आहे, आणि ज्यांनी स्वतः ऐकलं नाही त्यांनी आपापल्या घरी ऐकलं असेल. त्या दिवशी संपादकांची बैठक होती आणि सरकारने बुडत्या पेपरांना हात द्यावा असा ठराव मांडायचा होता. सम्राट म्हणाले, “तुमी सही करणार नाही, मले माहीतच होतं. तुमाले सरकारचा विटाळ.”

“कोणं सांगतलं?” मालकांनी बशी खाली ठेवली. “आण इकडे, पहिली सही माही. सरकारनं मदत करावी, करावीच. एसटी पाय. सिहोऱ्याच्या पलीकडं एक गाडी जाते, दोन-तीन मानसं बसतात. तोटाच तोटा. तरी सरकार थे गाडी चालवते, काहून? एक म्हातारी दवाखान्यात जाते म्हणून. पेपरही तसाच चालवावा, तोट्यात. पण डायवरनं म्हातारीले फाट्यावर सोडून गाडी साहेबाच्या बंगल्याकडं वळवली, तं? अन् वरून डिझेल मागतलं, तं? तुह्या गाडीत म्हातारी कधी बसली होती सांग बरं.”

सम्राट हसत म्हणाले, “बंगल्याकडं गेलं तं डिझेल तरी भेटते मालक. तुमची गाडी म्हातारीच्या दारातच बंद पडन एक दिवस.”

“पडन तं पडन. म्हातारी तं घरी पोहोचन.”

सम्राटांना मी नावं ठेवतो, पण त्या दिवशी त्यांनी खिशात हात घातला. त्यांनी चहाचे पैसे दिले, मालकांचेही.

म्हातारीला घरी पोहोचवायचं म्हणजे काय, ते मालक दर रविवारी करून दाखवायचे. त्यांचं म्हणणं असं, की सरकार नोटीस छापायचे पैसे देतं ते लोकांना कळावं म्हणून. मग कळलं नाही तर तो पैसा पचत नाही. पोट दुखते, म्हणायचे. म्हणून ज्या गावाची नोटीस त्या गावी लुना घेऊन जायचे, समाजमंदिराच्या पायरीवर उभे राहायचे आणि वाचायचे. भोंग्याची गरज नव्हतीच. धानाच्या बांधावरून माणसं चालत यायची, आणि बैल उभे राहायचे.

सरकारी मराठी ते तिथल्या तिथे पालटून सांगत. “‘सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की’, म्हणजे ऐका बाप्पा. ‘निम्नस्वाक्षरीकार’, म्हणजे खाली सही करणारा बाप्या. ‘उपरोक्त’, म्हणजे वरचा.”

“वरचा म्हणजे देव काय जी?” मागून कोणीतरी टोमणा मारायचं.

“देव नोटीस देत नाही लेका, डायरेक्ट उचलते.”

लोक हसायचे. पण नोटीस संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. किती गावांत पेपर पोहोचत होता ते देव जाणे. मालक पोहोचत होते.

तर ती चिचटोल्याची नोटीस.

चिचटोला हे गाव वैनगंगेच्या काठी होतं. होतं म्हणजे आता पाण्याखाली आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत गेलं तशी माणसं उठली आणि दूर माळावर नव्या गावठाणात जाऊन बसली. नाव तेच, मारुती तोच, फक्त चिंचेची झाडं नाहीत. तिथल्या काही घरांचे गोठे, परसातल्या विहिरी, मागच्या खोल्या मोबदल्याच्या जुन्या मोजणीत सुटून गेल्या होत्या. ज्यांचं सुटलं त्यांनी हरकत घ्यावी, अशी ती नोटीस होती, मुदतीची. खाली नेहमीचं वाक्य, “विहित मुदतीत हरकत न आल्यास संबंधितांचे काहीएक म्हणणे नाही असे समजण्यात येईल.”

सगळं ठीक होतं. पण गावाच्या नावापुढे कंसात एक शब्द होता. “मौजा चिचटोला (रिठी)”.

रिठी म्हणजे ज्या गावाचं नाव कागदावर उरलं आहे आणि माणूस उरलेलं नाही ते गाव. पणज्याच्या काळी पटकीने नाहीतर पुराने ओस पडलेली अशी कितीतरी गावं आमच्या भागात आहेत. पोराला दटावायचं तर आई म्हणते, रिठीत नेऊन सोडीन. जुन्या जागी कोणी राहत नाही, म्हणून कोण्या टेबलावर कोणीतरी चिचटोल्यापुढे रिठी लिहून मोकळं झालं होतं. कागदाच्या हिशेबाने चूकही नव्हती. फक्त चिचटोल्याच्या माणसांना कोणी सांगितलं नव्हतं की ते रिठी झाले.

मी नोटीस संगणकावर लावत होतो. मालक मागे येऊन उभे राहिले आणि त्यांचा श्वास माझ्या मानेवर थांबला.

“हे वाचून चिचटोल्याचा मानूस काय म्हणन?”

“काय म्हणन?”

“म्हणन, ही आपली नोटीस नोहे. कोण्या मेलेल्या गावाची होय. अन् मुदत निघून जाईन. मंग काहीएक म्हणणे नाही. भुताईचं काहीएक म्हणणं नसतेच.” त्यांनी माझी खुर्ची बाजूला सारली. “खाली एक ओळ टाक.”

“मालक, मजकूर जशाचा तसा छापाचा असते. चौकटीत हात लावला तं यादीतून काढतात.”

“चूकही जशीच्या तशी?”

“चूक त्याईची आहे.”

“पेपर माहा आहे.”

मी म्हटलं, चौकटीच्या बाहेर टाकू, बाजूला, ठळक. ते म्हणाले, चूक आत अन् दुरुस्ती बाहेर, हे कोणत्या गावचं? आणि मग त्यांनी स्वतः, एका बोटाने, ओला दुपट्टा बाजूला करून, चौकटीच्या आत शेवटी ती ओळ टाईप केली: “चिचटोलावासीयांनो, रिठी म्हणजे तुमचेच गाव. तुम्ही जिवंत आहात. हरकत घ्या. – संपादक.”

रविवारी आम्ही लुनावर बसून नव्या चिचटोल्याला गेलो. चढ आला की मी उतरायचो. समाजमंदिरात माणसं जमली. मालकांनी वाचायला सुरुवात केली आणि कंसातल्या शब्दाशी आले तेव्हा एका म्हातारीने हात वर केला. सखूबाई म्हणत तिला, गावात तिच्या जिभेला सगळे भिऊन होते.

“कोण रिठी?”

“तुमी.”

“मी सकाळी भाकर थापून आली जी. चूल अजून गरम हाये. मी भूत होय काय?”

पोरं खी खी करून हसली. एकजण म्हणाला, सखूबाई तं अगोदरपासूनच होय. पण तिच्या शेजारी तिचा नवरा बसला होता, पागोटं मांडीवर घेऊन, तो हसला नाही. त्याने हळूच विचारलं, “आमी रिठी कधी झालो जी? कोण्या दिवशी?”

मी मालकांबरोबर इतकी वर्षं होतो, त्यांचा आवाज खाली आलेला मी तेवढा एकदाच ऐकला. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, “मले नाही माहीत बाबा. मलेही हे वाचूनच समजलं.”

म्हाताऱ्याने मान हलवली. गाव पाण्यात गेलं त्या दिवशी तो काठावर उभा होता, हे त्याने सांगितलं. चुलीची माती खणून आणली होती. तेव्हा गाव गेलं हे त्याला माहीत होतं. पण माणसंही त्यात धरली होती हे आता कळलं, असं तो म्हणाला आणि पागोटं डोक्यावर ठेवून उठला.

पुढच्या आठवड्यात चिचटोला उठून भंडाऱ्याला आला. एसटी अशी भरली की कंडक्टरला स्वतःलाच तिकीट काढून उभं राहावं लागलं. खिडकीवरच्या बाबूने सखूबाईला विचारलं, “गाव?”

“चिचटोला, रिठी.”

“रिठीत कोणी राहत नाही मावशी.”

“आता रायतो,” सखूबाई म्हणाली. “लिही.”

त्याने लिहिलं. सगळ्यांच्या हरकती मुदतीत दाखल झाल्या, पुढे जुन्या कागदांवरून मोजणीही झाली. एवढं काम त्या नोटिशीने केलं. तीच नोटीस सम्राटांच्या पेपरातही आली होती, जशीच्या तशी, स्वच्छ, कंसासकट, शेजारी हात जोडलेल्या फोटोसह.

आणि आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये.

मालकांचं ओरडून झाल्यावर साहेबांनी पेन बाजूला ठेवलं. मग त्यांनी कोरा कागद मालकांपुढे सरकवला. “हे पाहा, हरकती आल्या, चांगलं झालं. ते माझं काम नाही, तरी मला आनंद आहे. पण वरून विचारणा आलेली आहे. तुम्ही एकच वाक्य लिहून द्या, ‘अनवधानाने मजकूर वाढला, दिलगीर आहे.’ मी पाठवतो, प्रकरण मिटेल. तुमचा पेपर माझ्या हातून बंद पडावा असं मला खरंच वाटत नाही हो.”

साहेब मनापासून बोलत होते. त्यांना वाईट म्हणता येत नाही, म्हणून गोष्ट सांगायला अवघड जाते.

मालकांनी कागद घेतला. मला वाटलं, लिहितात. टेबलाखाली मी हात जोडले होते, कुणाला ते मला ठाऊक नाही. त्यांनी लिहिलं आणि कागद परत सरकवला. मी तिरक्या नजरेने वाचला: “अनवधानाने काहीही वाढलेले नाही. अवधानाने वाढवले आहे. अक्षर फार बारीक घेतले, याबद्दल मात्र दिलगीर आहे.”

साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि डोळे मिटून बसले. “मी हा पाठवू?” त्यांनी विचारलं.

“पाठवा,” मालक म्हणाले. “पण जशाचा तसा.”

पावसाळा लागायच्या आत पेपर बंद झाला. आधी पानं कमी झाली, मग आठवड्याचा पंधरवडा झाला, मग एका सोमवारी आम्ही माडी चढलो आणि करायला काही नव्हतं. निरोपाचा अग्रलेख त्यांनी लिहू दिला नाही. मेलेल्या माणसानं तेराव्याला भाषण करू नये, म्हणाले. मला सम्राटांनी त्यांच्याकडे घेतलं. मी शुभेच्छांची चौकट फार सुबक करतो असं तिथे सगळे म्हणतात. मालक मात्र पुढेही रविवारी निघत. बगलेत आमचा पेपर नसे, सम्राटांचा असे. त्यातल्या नोटिशा गावोगाव वाचत, फोटोचं पान आतल्या बाजूला घडी घालून. लुना गेल्यावर एसटीने जात. गेल्या थंडीत ते गेले, म्हणजे वारलेच, आणि सम्राटांनी त्यांच्या फोटोसह पानभर श्रद्धांजली छापली. मीच लावली ती. फोटो परत पाठवणारं कोणी नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते याच्या आधीचं. यादीतून नाव कटल्याचा कागद आला तेव्हा अजून वर दाद मागायची सोय होती. मी ठरवलं, चिचटोल्याच्या लोकांचं निवेदन जोडायचं. या पेपरामुळे आम्हाला न्याय मिळाला, सरकारने तो जगवावा. मालकांना न विचारता मी एसटीने गेलो. समाजमंदिरात मी जे भाषण केलं तसं भाषण त्या माळावर पुन्हा होणे नाही. लोकशाही आणली, तिचे चारही खांब आणले, गावातले कुत्रेही बसून ऐकत होते. सगळ्यांनी सह्या दिल्या, अंगठे दिले. सखूबाईच्या नवऱ्याने अंगठा पुसत मला विचारलं, “कोणता पेपर बंद होऊन राहिला जी?”

“कोणता म्हणजे? मालकांचा. ज्यात तुमची ओळ छापून आली, थो.”

“छापून आलती काय?” तो म्हणाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. बाकीच्यांनीही नकारार्थी माना हलवल्या. “आमच्या गावात पेपर येत नाही बाप्पा. कोणताच नाही. थे येऊन सांगून गेले, तेवढं मालूम.”

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. ओळ ज्यांच्यासाठी होती त्यांच्यातल्या एकाने ती पाहिली नव्हती. ती ओळ अख्ख्या जिल्ह्यात वाचली असेल तर त्या लाल पेनवाल्याने. मालक तसेही रविवारी जाणारच होते, सांगणारच होते. चौकटीत नुसतं रिठी राहू दिलं असतं तरी सखूबाई खिडकीवर पोहोचलीच असती, आणि पेपर यादीवर राहिला असता.

मी माडी चढलो. त्या दिवशी कासाराची सुट्टी होती, खाली सगळं शांत होतं. मालक खिडकीशी बसून चहा पीत होते. मी निवेदन टेबलावर टाकलं आणि विचारलं, “मालक, चिचटोल्यात आपला एकही अंक जात नाही, तुमाले माहीत होतं?”

“होतं.”

“मंग थे ओळ छापली कायले?”

मालकांनी बशीतला चहा संपवला.

“चूक होती ना,” ते म्हणाले.